सात बोटांचा उस्ताद

माझ्या अब्बांनी आयुष्यात किती जणांना मारलं ते त्यांनाही सांगता येणार नाही. सुप्याच्या आमच्या कंपनीत, प्रेसशॉपमध्ये, असा एक ऑपरेटर नव्हता ज्याच्या हातावर त्यांची पोलादी फूटपट्टी पडली नाही. माझ्याही पडलीय. उजव्या मनगटावर अजून पांढरी रेघ आहे. मी ट्रेनी म्हणून लागले त्या पहिल्याच दिवशी बंद प्रेसच्या तोंडात हात घालून आतलं काहीतरी बघत होते. मशीन बंद होतं, मेन स्विच खाली होता. तरी सपकन मारलं. "मशीन बंद हाय हे तुला ठाव हाय. तुझ्या हाताला ठाव न्हाई," म्हणाले. चारचौघांत पोरीवर हात उगारतात का, म्हणून मी तीन दिवस अबोला धरला. त्यांच्या काही लक्षातही आलं नाही.

त्यांचं नाव गनी नालबंद. कंपनीत सगळे गनीभाई म्हणत, आणि जे त्यांच्या हाताखाली शिकले ते उस्ताद म्हणत. घरात आम्ही आमची मोडकीतोडकी हिंदी बोलतो, पण अब्बांची खरी भाषा कंपनीतली, बेलापूरच्या बाजारातून उचललेली मराठी. रागावायचं असलं की घरातही तीच.

शिफ्टच्या सुरुवातीला ते दारात उभे राहायचे. सगळ्या ऑपरेटरांनी रांगेत पुढं यायचं आणि दोन्ही पंजे पसरायचे. "हात दाव." मग ते पालथे बघत, उताणे बघत, एकेक बोट चिमटीत धरून मोजत. अंगठी दिसली की साबणपाणी न लावता ओढून काढत, कातडी सोलली तरी. मनगटातला गंडादोरा कात्रीनं कापत, मग तो कुठल्याही देवाचा असो नाहीतर पीराचा असो. आदल्या दिवशीच्या दारूनं हात थरथरत असला तर कानाखाली एक देऊन परत पाठवत. नवीन पोरं हसायची. जुनी हसत नव्हती, कारण मोजणाऱ्याच्या स्वतःच्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच होतं. मधल्या तीन बोटांच्या जागी गुळगुळीत कातडं.

मारायची सवय त्यांनी कुठून आणली ते मला माहीत आहे. आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, बेलापूरच्या बाजारात बैलांना नाल ठोकायचे. ते काम बघितलेले लोक आता फार उरले नाहीत. बैलाच्या पायात दोर अडकवून त्याला धाडकन आडवं पाडायचं, चारी पाय एकत्र बांधायचे, एकानं मानेवर बसायचं आणि दुसऱ्यानं खुरात खिळे ठोकायचे. बैल डोळे पांढरे करायचा, फेस गाळायचा. खिळा चुकून मांसात गेला तर लाथ बसायची आणि बरगडी जायची. अब्बा सहा-सात वर्षांचे असल्यापासून मानेवर बसत.

मग गावात ट्रॅक्टर आले. दादांनी वर्षभर दम धरला आणि एका बाजारच्या दिवशी नालबंदीचा हातोडा घेऊन एका बड्या बागायतदाराच्या नव्या ट्रॅक्टरचे दोन्ही दिवे फोडले, रेडिएटरवर घाव घातले. त्या लोकांनी त्यांना ट्रॅक्टरच्याच पट्ट्यानं भर बाजारात झोडपलं. गळ्याजवळचं हाड मोडलं. अब्बा नऊ वर्षांचे होते, ते पट्टा धरायला गेले तर त्यांनाही दोन बसले. दुसऱ्या आठवड्यात ट्रॅक्टरला नवे दिवे आले. दादांचा खांदा मात्र मरेपर्यंत वर झाला नाही. अब्बा ही गोष्ट सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "मशीनला मारून काय हुतं? आपन आधी जाऊन तिच्याशेजारी उभं ऱ्हायचं."

तसे ते खरंच जाऊन उभे राहिले. सुप्याला एमआयडीसी झाली तेव्हा ते बेलापूर सोडून आले आणि प्रेसवर लागले. प्रेसचं काम सांगायला सोपं आहे. खाली पोलादी साचा, त्याला डाय म्हणतात. वर शंभर टनांचा घण. ऑपरेटरनं पत्र्याचा तुकडा डायवर ठेवायचा आणि दोन बटणं दाबायची. बटणं दोन असतात आणि लांब असतात ती मुद्दाम. दोन्ही हात बटणांवर असतील तरच घण खाली येतो, म्हणजे हात आत राहायचा प्रश्न नाही. घण येतो, पत्र्याची बिजागरी होते, ती काढायची, पुढचा तुकडा ठेवायचा. दिवसभर तेच.

दोन हजार सहा साली जर्मनीची मोठी ऑर्डर आली आणि माल पुरेना. तेव्हा अब्बांनी एक अक्कल लढवली. दादांच्या खूर तासायच्या सुरीनं त्यांनी बाभळीची एक बारीक पाचर तासली आणि डाव्या बटणाच्या फटीत ठोकली. बटण कायमचं दाबलेलं राहिलं. आता उजव्या हातानं एकच बटण दाबायचं आणि डावा हात पुढचा पत्रा धरून तयार. तासाला चारशेच्या जागी साडेसहाशे नग निघायला लागले. आठवड्यात अख्ख्या शॉपला बाभळीच्या पाचरी बसल्या. साहेब लोकांनी बघितलं, न बघितल्यासारखं केलं, आणि सव्वीस जानेवारीला अब्बांना भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं. ते आमच्या घरात अजून चालू आहे.

तीन वर्षांनी त्याच पाचरीनं त्यांची तीन बोटं घेतली. मी दहा वर्षांची होते. बोटं कातरणाच्या पिंपात गेली होती; कुणीतरी शोधून जेवणाच्या डब्यात घालून दवाखान्यात आणली. डॉक्टरांनी झाकण उघडलं आणि परत लावलं. दादांनी ती बेलापूरच्या कब्रस्तानात नेऊन पुरली. महिन्याभरानं अब्बा कामावर गेले ते पोलादी फूटपट्टी घेऊन, आणि पहिल्या दिवशी त्यांनी शॉपमधल्या सगळ्या पाचरी उपटून काढल्या. ज्यांनी पुन्हा बसवल्या त्यांना झोडलं.

आदिनाथला त्यांनी सगळ्यात जास्त मारलं. आदिनाथ पाथर्डीकडचा. आईबाप ऊसतोडीला जायचे, हा उसाच्या फडातच वाढलेला. शाळा सातवीपर्यंत, पण हात असे की अब्बा म्हणायचे, ह्याला पत्र्यातला वाक डोळे झाकून कळतो. एकदा त्यानं डाव्या बटणात पाचर घातलेली अब्बांना सापडली. अब्बांनी त्याचा पंजा लोखंडी टेबलावर दाबून धरला आणि फूटपट्टीच्या धारेनं असा फटका मारला की पालथा हात फाटून आतलं पांढरं दिसलं. सात टाके पडले. मला वाटलं आता हा पोलिसात जाणार. तो दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून आला आणि रांगेत उभा राहून म्हणाला, "उस्ताद, हात बघा." त्यानंतर तो ईदला आमच्याकडं शिरखुर्मा प्यायला यायचा आणि मला ताई म्हणायचा, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा असून.

आता कंपनीचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. आमचा माल वीस वर्षं परदेशात जात होता तो आम्ही फार हुशार होतो म्हणून नव्हे. आमचे हात स्वस्त होते. एकाचं बोट गेलं की दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुसरा उभा राहायचा. सूर्यभान नावाचा ठेकेदार पाथर्डी, शेवगावकडून गाड्या भरून माणसं आणायचा. कोयता धरण्यापेक्षा पत्र्याची सावली बरी म्हणून ती यायची. मग ती यायची थांबली. पोरं पुण्यात पार्सलं वाटायला गेली, रांजणगाव-चाकणला गेली, जी राहिली ती जास्त पगार मागायला लागली, आणि का मागू नये? तिकडं व्हिएतनामच्या कुठल्याशा कंपनीनं आमच्याहून कमी भाव दिला. शेजारची हातमोजे शिवणारी कंपनी ह्याच तडाख्यात बंद पडली. तिच्या गेटातून आता बाभळी उगवल्यात.

आमच्या मालकांनी दुसरा रस्ता धरला. स्वस्त हात देता येत नाहीत, तर माणसाचा हातच लागणार नाही असा माल द्यायचा. त्यांनी ऑटोमॅटिक लाईन आणली. ओळीत चार प्रेस, त्यांच्यामध्ये पत्रा उचलून पुढं देणारे तीन रोबोट, आणि भोवती पिवळ्या जाळीचा पिंजरा. जर्मन कस्टमरनं कळवलं, लाईन सलग आठ तास न थांबता चालवून दाखवा, पाच वर्षांची ऑर्डर सुप्यातच ठेवतो. नाही जमलं तर ऑर्डर व्हिएतनामला.

हाताच्या प्रेसवर साठ माणसं होती. लाईनला नऊ लागणार होती, बाकीच्यांना घरी जायचं होतं. परीक्षा झाली, वरचे आठ घेतले. नवव्या जागेसाठी प्लांट मॅनेजर अब्बांना म्हणाले, "गनीभाई, मार्क बघू नका. माणूस बघा आणि तुम्हीच नाव द्या." सगळं शॉप धरून चाललं होतं की ते आदिनाथचं नाव देणार. त्याच्यासारखे हात दुसऱ्या कुणाचे नव्हते. मी आयटीआय केलेली, परीक्षेत अकरावी आलेली. अब्बांनी माझं नाव दिलं. मॅनेजर म्हणाले, ठीक आहे, लाईन आठ तास चालली की अल्मास पर्मनंट. मी त्या दिवशी आनंदानं रडले. आदिनाथचा विचार मी केला नाही, आणि आता कितीही वाईट वाटून घेतलं तरी तेव्हा केला नव्हता हे खरं आहे.

आदिनाथनं अब्बांना कंपनीच्या बसजवळ गाठलं. शर्ट धरून बसच्या पत्र्यावर आपटलं. "मशीनात हात घालू दिला न्हाई तुमी कवा. फोडून काढलं. का? तर बोटं राखायची. राखली की! धाच्या धा हायेत, बघा!" दोन्ही पंजे त्यानं अब्बांच्या तोंडासमोर धरले. "आता घालू कुठं ही? उसात? तिथंबी मशीन आलंय, उस्ताद." आणि त्यानं अब्बांच्या तोंडावर ठोसा मारला. पुढचा दात पडला. अख्ख्या तालुक्याला मारणारा माणूस, पण त्या दिवशी हात वर केला नाही. रक्त थुंकून ते बसमध्ये चढले आणि माझ्याशेजारी बसले.

आठ तासांची चाचणी मंगळवारी होती, सकाळी आठ ते दुपारी चार. लाईनमध्ये एक खोट राहिली होती. पत्रे तेलकट असतात. रोबोटच्या रबरी वाट्या कधी एकाऐवजी दोन पत्रे उचलतात आणि दुसरा अर्ध्या वाटेत सुटून डायच्या काठावर पडतो. तो लगेच काढला नाही तर डाय फुटते. काढायला पिंजऱ्याचं दार उघडावं तर लाईन जागच्या जागी थांबते, कारण दाराला एक पोलादी जीभ असते. ती चौकटीतल्या स्विचमध्ये बसलेली असेल तोवरच मशीन चालतं. जीभ बाहेर आली की सगळं बंद. हे आम्हा सगळ्यांना, काढून टाकलेल्या माणसांनासुद्धा, पहिल्या महिन्यात उघडझाप करून दाखवलं होतं. दार उघडा, मशीन मेलं. एकदा थांबलेली लाईन पुन्हा सुरू व्हायला अकरा मिनिटं लागत, आणि एकदा थांबली की चाचणी संपली.

सोमवारी संध्याकाळी अब्बांनी स्पेअरच्या खोक्यातून दुसरी जीभ काढली आणि स्विचमध्ये खोचून ठेवली. दारावरची जीभ स्क्रू काढून खिशात टाकली. आता दार उघडलं काय, झाकलं काय, मशीनला कळणार नव्हतं.

"अब्बा, ही तुमची पाचरच झाली," मी म्हटलं.

"एक दिस. पाव्हनी गेली की काढतो." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझं नाव मी कुनाच्या पोटावर पाय देऊन दिलंय ते ठाव हाय ना तुला? मग लाईन थांबता कामा न्हाई."

मी स्पेअरच्या खोक्याचं झाकण लावून टाकलं. मला ती जागा हवी होती, जीव तुटेस्तोवर हवी होती.

मंगळवारी त्यांनी आम्हा नऊ जणांचे हात बघितले आणि आठ वाजता मी लाईन सुरू केली. कस्टमरकडून आलेली बाई वर काचेच्या केबिनमध्ये आकडे बघत बसली होती. माझी जागा पिंजऱ्याच्या बाहेर, कोपऱ्यावरच्या पॅनेलपाशी. समोर स्क्रीन, उजव्या हाताखाली लाल बटण. ते दाबलं की काहीही असो, लाईन थांबते. दुपारपर्यंत तीनदा पत्रा काठावर पडला. तिन्ही वेळा अब्बांनी दार किलकिलं करून, रोबोट पाठमोरा असताना, लांब काठीनं तो उडवला. वर बाईला काही कळलं नाही.

दोन वाजून पस्तीस मिनिटांनी गेटवरून ओरडा आला. सूर्यभानचा ठेका गेला होता; तो दोन पिकअप भरून माणसं घेऊन आला होता. काही आमचेच जुने ऑपरेटर, काही मी कधी न पाहिलेले. वॉचमनच्या डोक्यात पाइप बसला, तो गेटपाशीच कोसळला. मग शॉपच्या काचा फुटल्या आणि ते आत घुसले. जो आडवा येईल त्याला हाणत होते. आमच्या क्वालिटीच्या माणसाचा जबडा मोडला. तो तोंड धरून टेबलाखाली सरपटत गेला. एकानं कॉम्प्युटर उचलून आपटला. अब्बा फूटपट्टी घेऊन शॉपच्या दाराकडं धावले आणि तिघांच्या मध्ये सापडले. त्यांच्या पाठीवर पाइप पडल्याचा आवाज मला लाईनच्या आवाजातूनही ऐकू आला. लाईन चालू होती. सूर्यभानला ती फोडायची होती, पण जाळीजवळ यायला त्याची माणसं धजत नव्हती.

आदिनाथ आला. त्याच्या हातात पाइप होता. तो पिंजऱ्याच्या दारापाशी थांबला, माझ्याकडं बघितलं, आणि पाइप खाली टाकला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याला काही फोडायचं नव्हतं. त्याला फक्त लाईन थांबवायची होती, आणि ती कशी थांबते ते त्याला आम्हीच शिकवलं होतं. त्यानं दार सताड उघडलं आणि आत पाऊल टाकलं.

मशीन थांबलं नाही.

रोबोट पत्रा घेऊन वळला. पत्र्याची धार आदिनाथच्या मानेखाली बसली आणि तो वळण्याच्या जोरानं तिसऱ्या प्रेसच्या तोंडात, डायवर पालथा पडला. "अल्मास! लाल!" अब्बा तिकडून ओरडले. माझा हात लाल बटणावर होता. समोर स्क्रीनवर सहा तास बेचाळीस मिनिटं, थांबे शून्य. मी तो आकडा वाचला. माझ्या मनात आलं, आदिनाथ चपळ आहे, निघेल तो. एवढंच मनात आलं. एक श्वास लागतो तेवढाच वेळ. तेवढ्यात तीन माणसांचा मार अंगावर घेत अब्बा पिंजऱ्याच्या दारातून आत गेले, डाव्या हाताच्या करंगळीनं आणि अंगठ्यानं त्यांनी आदिनाथची कॉलर पकडली, उजवा हात त्याच्या छातीखाली घालून त्याला बाहेर फेकला, आणि घण खाली आला.

मी बटण दाबलं. लाईन थांबली. घण खालीच थांबला आणि अब्बांचा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत त्याच्याखाली होता. ते ओरडले नाहीत. गुडघ्यावर बसले आणि कपाळ प्रेसला टेकवलं. घण पान्यानं फिरवून वर घ्यायला चार मिनिटं लागली. मारायला आलेली माणसं पाइप टाकून पळाली, एक जण दारातच ओकला. वरून ती जर्मन बाई धावत आली आणि तिनं आपला रुमाल अब्बांच्या दंडाला आवळून बांधला. अब्बांना स्ट्रेचरवर घेत होते तेवढ्यात मी पिंजऱ्याच्या दारापाशी गेले, स्विचमधली जीभ उपटली आणि खिशात घातली. कुणी बघितलं नाही. हेही इथं लिहिलंच पाहिजे.

तो हात चाचांनी बेलापूरला नेऊन पुरला. दादा तर आता नव्हते.

चौथ्या दिवशी नगरच्या दवाखान्यात मॅनेजर मोसंबी घेऊन आले. अब्बा शुद्धीवर होते, तोंड काळंठिक्कर पडलं होतं. मॅनेजर म्हणाले, पाहुण्यांना सहा तास बेचाळीस मिनिटं पुरेशी वाटली, पुढचं हल्ल्यामुळं झालं हे त्यांनी स्वतः पाहिलं. ऑर्डर आपल्याकडंच राहिली. अल्मास पर्मनंट. दाराची जीभ त्या गुंडांनीच तोडली असणार, ती मिळाली नाही. आदिनाथनं तुम्हाला प्रेसमध्ये ढकललं असं चार जणांनी पोलिसांना सांगितलंय, तुम्ही पण तसं सांगितलंत की झालं. खुनाचा प्रयत्न म्हणजे दहा वर्षं कुठं जात नाहीत.

"त्यो कुठं हाय?" अब्बांनी विचारलं.

"कोठडीत. मानेला बावीस टाके पडलेत त्याला."

अब्बांनी डाव्या कोपरावर रेटून अंग वर उचललं. मग म्हणाले, "साहेब, हवालदारास्नी बोलवा. मी सांगतो."

हवालदार दुपारी आले, तोवर मॅनेजर थांबून होते. कानिफनाथ नाव होतं, शांत माणूस, स्टूल ओढून बसले. अब्बांनी सगळं सांगितलं. सोमवारी जीभ कशी खोचली, दारावरची कशी काढली, आदिनाथला वाटलं होतं मशीन मरेल, त्यानं कुणाला ढकललं नाही. "त्याला म्याच आत घातला म्हना. त्यानं दार उघाडलं ते लाईन बंद कराया. बंद पडली असती तर मी घरी जेवत असतो." मग मला म्हणाले, "जीभ दे."

त्यांना कसं कळलं की ती माझ्याकडं आहे, ते मी विचारलं नाही. पर्समधून काढून मी ती गादीवर ठेवली. तिच्या टोकाला अजून तेल होतं. मॅनेजर उठले, "गनीभाई, हे तुम्ही काय करताय कळतंय का तुम्हाला? हिची जागा..." एवढं म्हणाले आणि निघून गेले.

हवालदारांनी जबाब वाचून दाखवला. सही कशी घ्यायची म्हणून ते थबकले. अब्बांनी डावा हात पुढं केला. त्या हाताचा अंगठा मशीननं सोडला होता. तो त्यांनी निळ्या पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवला. हवालदारांनी कागद घडी करून पिशवीत घातले, जीभ रुमालात बांधली, आणि मला "जपा यांना" म्हणून बाहेर पडले.

खोलीत आम्ही दोघंच राहिलो.

"हात दाव," अब्बा म्हणाले.

मी कॉटच्या कडेला उभी राहिले आणि दोन्ही पंजे पसरले. त्यांनी अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत माझं एकेक बोट धरून मोजलं. दहा भरली. तरी त्यांनी माझा उजवा पंजा सोडला नाही.

"मी हाक मारली," ते म्हणाले. "त्यानंतर यक ठोका पडला. पंचवीस वर्सं ठोके ऐकतोय मी. हाक आन् लाल बटान, मधी ठोका बसाया नको हुता."

मला खोटं सांगता आलं असतं. गोंधळ होता, ऐकू आलं नाही, हात घसरला, काहीही. मी म्हटलं, "स्क्रीनवर आकडा होता, अब्बा. मी तो वाचत राहिले."

त्यांच्या डोळ्यात तो जुना राग आला, शॉपमधला. त्यांनी मला मारायला उजवा हात झटक्यात वर केला. पट्ट्यांचं गाठोडं माझ्या तोंडासमोर येऊन थांबलं. ते त्याच्याकडं बघत राहिले, जणू दुसऱ्या कुणाचं आहे. मग ते हळूच गादीवर ठेवून त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं, आणि पहिल्यांदाच, बोटं गेली तेव्हा नाही, दात पडला तेव्हा नाही, आज, ते मोठ्यानं रडले.

मी दार उघडून बाहेर आले. हवालदार जिन्याच्या वळणावर पोचले होते. मी त्यांना हाक मारली आणि म्हटलं, माझाही जबाब घ्यायचा आहे.